गळ टाकायला जुना पूल बरा की नदीकाठ?

नदीवरचा जुना पूल मासेमारीसाठी खुला झालाय आणि काठावरही बरी जागा आहे. मग जायचं कुठे? मी आधी एकच विचारतो: लागलेला मासा वर कसा घेणार?

पुलाचं पारडं जड आहेच. काठावरून कितीही लांब फेकला तरी गळ जिथे सहसा पोचत नाही, ती मुख्य धार पुलावर थेट पायाखाली असते. शिवाय खांब. प्रवाह खांबावर आदळतो, खाली वळतो आणि पायथ्याशी तळ कोरत जातो. तिथे छोटा डोहच तयार होतो. खांबाच्या मागे पाणी संथ फिरतं. मोठा मासा धारेशी झुंजत बसत नाही, अशा आडोशाला थांबून वाहत येणारं खाणं टिपतो. त्यामुळे लांब फेकायची गरजच नसते. फक्त कठडा नीट निवडा. प्रवाह येतो त्या बाजूने गळ टाकला तर दोरी पुलाखाली ओढली जाऊन खांबाला घासते. प्रवाह जातो त्या बाजूने ती मोकळी राहते.

खरी अडचण उंचीची. पाण्यात मासा जवळजवळ बिनवजनाचा असतो. बाहेर काढला की सगळं वजन आणि वर त्याची तडफड दोरीवर येते. मग दोरी तुटते, नाहीतर माशाचा ओठ फाटतो. उपाय आहे: दोराला बांधलेलं गोल जाळं खाली सोडायचं, मासा त्यात आणायचा आणि जाळंच ओढून घ्यायचं. पण एकाने रॉड सांभाळायचा, दुसऱ्याने जाळं. एकट्याची त्रेधा उडते.

मासा पकडून सोडून देणार असाल, तर पूल मला अजिबात पटत नाही. उंचावरून टाकलेला मासा पाण्यावर आपटतो, जगेलच याची खात्री नाही. काठावर त्याला पाण्यातच ठेवून गळ काढता येतो.

पक्ष्यांचाही विचार हवा. फ्लोरिडात टँपा उपसागरावरचा सनशाइन स्कायवे पूल 1980 मध्ये जहाज धडकून कोसळला, 35 जणांचा जीव गेला. नवा पूल 1987 मध्ये खुला झाला आणि जुन्याचे उरलेले भाग मासेमारीसाठी ठेवले. तिथे गळांत आणि दोऱ्यांत इतके पेलिकन अडकू लागले की हिवाळ्यात एका दोरीला अनेक गळ लावायला बंदी आली. तुटलेली दोरी पुलावर सोडून येऊ नका, कृपा करा.

वयस्कर माणसं किंवा व्हीलचेअर सोबत असेल तर सपाट, कठड्याचा पूलच सोयीचा. वारा मात्र तिथे जास्त लागतो.

बाकीच्यांनी आधी नदीच्या वळणाचा बाहेरचा काठ पाहावा. धार तिथे काठाला घासून जाते, पाणी लगतच खोल असतं. कड खालून पोखरलेली नाही ना, एवढं तपासा. अशी जागा मिळाली तर मी काठच निवडेन. नसेल, मासा घरी न्यायचा असेल आणि जाळं धरायला जोडीदार असेल, तर पुलावर जा.