जिरावन, गराडू आणि चार बाटल्या

मला वाइनमधलं फार कळतं असं मी म्हणणार नाही. वासातलं कळतं. गेली १८ वर्षं इंदूरच्या लोकमान्य नगरात, घराच्या मागच्या खोलीत, मी जिरावन (आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला), गोडा मसाला आणि मेतकूट करून विकते. जिरं जरा जास्त भाजलं गेलं तर पुढच्या खोलीत बसूनही मला समजतं. लेक पुण्याला नोकरीला लागली, तिथं कुठल्याशा वाइन टेस्टिंगला जाऊन आली आणि फोनवर म्हणाली, "आई, तुझ्यासारख्या नाकाचे लोक पैसे घेतात." तेवढ्यावर आमचं सुरू झालं. मागच्या हिवाळ्यात महिन्यातून एक-दोन रविवार, रात्री, गॅलरीत. मी, आमचे हे, आणि दाराच्या आत खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई. त्या पीत नाहीत, पण वास प्रत्येक बाटलीचा घेतात.

रविवारच का, तर त्या दिवशी दळण बंद. जिरावन दळलेल्या दिवशी सुंठ, हिंग आणि काळं मीठ नाकात असं ठाण मांडतं की फिनाइल आणि गुलाबपाणी मला सारखंच. तरीही दोन ग्लासांच्या मधे मी पदर हुंगते. रोजच्या धुतल्या सुती कापडाचा वास घेतला की नाक पुन्हा जागेवर येतं. लेक म्हणते अत्तरवालेही असंच आपली बाही हुंगतात. मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिली बाटली सुलाची सोविन्यों ब्लां, पांढरी वाइन. नाशिककडची. सुलाने २००० साली पहिल्यांदा वाइन काढली तेव्हा शेनिन ब्लां ह्या दुसऱ्या पांढरीबरोबर ही होती, म्हणून म्हटलं सुरुवात हिच्यापासून. झाकण फिरवायचं, बुचाची कटकट नाही. ग्लासात ओतली आणि पहिला वास आला तो सरळ ढोबळी मिरचीचा. चिरताना देठाजवळ सुरी जाते तेव्हा येतो ना, तो हिरवा, थोडा कच्चा. मला वाटलं सकाळी भाजी चिरली तो हातालाच असेल. हात धुऊन आले, तरी तोच. मग कळलं की दोघींत पायराझिन नावाचं एकाच जातीचं द्रव्य असतं, म्हणजे नाक बरोबर होतं. मागून अर्धवट पिकलेला पेरू. सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दुर्वांची जुडी पाण्यातून काढल्यावर येतो तसा." मी वहीत तेवढंच लिहिलं. त्यापुढे माझा पेरू फिका.

हिच्याबरोबर गराडू केले, आणि ते काय जमलं म्हणून सांगू! बाहेरगावच्यांसाठी सांगते, गराडू म्हणजे थंडीत येणारा कंद, इंदूरच्या सराफा बाजारात रात्री कढयांभोवती गर्दी असते तो. सोलताना हात खाजतात, म्हणून आधी तेल चोळायचं. तुकडे मंद आचेवर एकदा तळून बाजूला काढायचे, जरा गार झाले की पुन्हा कडकडीत तेलात. वरचं कवच खडखडीत, आत लोण्यासारखं. मग लिंबू, मग जिरावन. आता गराडूत एक अडचण असते: चौथ्या-पाचव्या तुकड्याला तोंडात तेल आणि पिठूळपणा साचतो, लिंबू कितीही पिळा. ही गार, आंबट वाइन तो सगळा थर धुऊन काढते, आणि पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आम्ही दोघांनी पाऊण किलो संपवले, हे सांगण्यासारखं नाही, पण सांगते. गार करायला फ्रिजही लागला नाही. माळव्याच्या रात्रीला शब-ए-मालवा म्हणून नावाजतात ते काय उगाच? डिसेंबरच्या रात्री बाटली कठड्यावर ठेवली, तासाभरात तयार.

दुसरी बाटली घरी आली ती भांडण घेऊनच. सुलाचीच तांबडी, दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. ह्यांची बँकेची २ वर्षं गेली डिंडोरीला, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या, नर्मदाकाठच्या. बाटली हातात घेऊन म्हणाले, "तिथं द्राक्षाचा वेल मी तरी एक पाहिला नाही. काय थापा मारतात!" नाशिक जिल्ह्यातही एक दिंडोरी तालुका आहे आणि तिथं द्राक्षंच द्राक्षं आहेत, हे नकाशा काढून दाखवावं लागलं. तरी पहिला घोट घेईपर्यंत त्यांचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचाच होता.

मला मात्र ही पहिल्या वासातच आपली वाटली, कारण हिच्यात मिरं आहे. कुणीतरी मिरपूड टाकून ढवळलंय असं वाटावं इतकं. ती उपमा नाही, खरंच तेच आहे: शिराझमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिऱ्यालाही वास त्याचाच. पण ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा नव्हे हा, अख्खं मिरं डब्यात वर्षभर राहिलं की डब्याला जो वास बसतो तो. त्याखाली जांभूळ, आणि लाकडाचा, जुन्या कपाटाचा खण उघडल्यासारखा. चवीला जांभूळ अधिकच, बियेसकट चावल्यासारखं: जीभ टाळ्याला चिकटते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. तांबड्या वाइनचा रस सालींसकट आंबवतात, पांढरीचा रस आधीच वेगळा काढतात, म्हणून पांढरीत तो जवळपास नसतोच.

आणि इथं मी चूक केली. इंदूरच्या घरात ग्लास आला की बशीत शेव येणारच. लवंगाची शेव, रतलामी, चांगली झणझणीत. एक मूठ शेव, वर एक घोट शिराझ, आणि तोंडात जाळ. ह्यांना ठसका लागला, माझ्या डोळ्यांत पाणी. तिखटावर दारू ओतली की जळजळ वाढते, तुरटपणा त्यात भर घालतो, आणि वाइनमधलं जांभूळ वगैरे सगळं कुठल्या कुठे. उरते फक्त कडू चव. वाइनचा काही दोष नाही, शेवेचाही नाही. पण हे दोघं एका ताटात नकोत. अख्ख्या माळव्याला हे समजावणं कठीण, आमच्या ह्यांना अजून पटलेलं नाही.

पुढच्या रविवारी उरलेली बाटली (झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, ७ दिवस, मिऱ्याचा वास अर्धा झाला होता, पण पिण्यासारखी होती) डाळ-बाफल्याबरोबर काढली. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडलेला, मग भाजलेला, मग तुपात बुडवलेला, आणि आमच्याकडे डाळ बेताचीच तिखट. तुपाने जिभेवर जो लेप बसतो, तो ह्या तुरटपणाने निघतो. बाफल्यानंतर पाच मिनिटांत डोळे मिटायला लागतात, ते मात्र ह्याने थांबलं नाही. उलट लवकर मिटले.

तिसऱ्या बाटलीचं नाव लिहीत नाही, कारण तिची काही चूक नव्हती. दुकानाचंही लिहीत नाही. एवढंच की ती दुकानात वरच्या फळीवर उभी होती, पश्चिमेच्या काचेला लागून, आणि लेबल एका बाजूने फिकं पडलं होतं. हे मी घेतानाच पाहायला हवं होतं. मसाल्याची बरणी उन्हात ठेवलेली दिसली तर मी त्या दुकानात पाऊल टाकत नाही, आणि इथं बावळटासारखे पैसे मोजून आले. घरी पाहिलं तर बूच काचेच्या कडेपासून वर आलेलं. आतला वास उकळलेल्या खजुराचा, मुरांबा खाली लागतो तेव्हाचा, आणि मागे ओल्या पुठ्ठ्याचा. रंग तांबड्याचा विटकरी झालेला. इंदूरचा मे महिना ४० च्या वर जातो, बाटलीने तो बंद दुकानात काढला असणार. परत नेली तर गल्ल्यावरचा म्हणाला, "मॅडम, दारू कभी खराब होती है क्या?" ह्यांनी वाद घातला, मी घरी घेऊन आले. त्यात पाणी घातलं, घरातला गाळ असलेला सफरचंदाचा व्हिनेगर थोडा घातला, तोंडाला मलमल बांधून माळ्यावर ठेवली. दोन महिन्यांनी त्यात छोटे कांदे मुरवले. पैसे वसूल झाले असं नाही म्हणता येणार, पण कांदे फार छान झाले.

तेव्हापासून नियम एकच: बाटली आडवी असो वा उभी, अंधारात असली पाहिजे. आणि बुचावर बोट फिरवून पाहायचं.

चौथी फ्रातेल्लीची सान्जोवेजे, तांबडीच. ही द्राक्षाची जात मूळची इटलीची, आणि वाइन होते आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला. नाव फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून काढलेली कंपनी, त्यात अकलूजचे मोहिते-पाटील. अकलूज म्हटल्याबरोबर दाराच्या आतून आवाज आला, "कुठलं?" सासूबाईंचं माहेर माळीनगर, तिथून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला ५६ वर्षं झाली. "आमच्याकडे ऊस होतो," त्या म्हणाल्या. "आता द्राक्षंही होतात, आई." "माळरानावर?" "माळरानावरच." त्यांनी खुर्ची उंबऱ्यापर्यंत पुढे ओढली.

शिराझनंतर ही अंगाने हलकी वाटते. रंग फिका, ग्लासातून पलीकडचं बोट दिसतं. वासाला आमसूल, अगदी सोलकढीच्या आधीचं, भिजत घातलेलं. मग वाळकं गुलाब, किंचित. चव आंबट आणि सरळ, तोंडात फार वेळ रेंगाळत नाही. मला ही सगळ्यांत आवडली, आणि त्याचं कारण शेव-टमाटर. आपली माळव्याची शेव-टमाटरची भाजी, पण फिकी जाड शेव घालून, तिखट निम्म्यावर. टोमॅटो आंबट, वाइन आंबट, दोघं एकमेकांना टोचत नाहीत. शिराझ ह्या भाजीपुढे गोडसर आणि जड लागली असती. गरम पोळी, भाजी, आणि एक घोट. बाकी काही नको.

सासूबाईंनी वास घेतला, बराच वेळ घेतला. मग ग्लास परत न देता विचारलं, "द्राक्षासवापेक्षा कडक असतं का हे?" आमच्या घरात द्राक्षासवाची बाटली कधी संपलेली मला आठवत नाही. त्यांच्या प्रत्येक बाळंतपणानंतर, प्रत्येक अशक्तपणात, माझ्याही बाळंतपणानंतर. धायटीची फुलं घालून द्राक्षं आंबवतात ते, आणि त्यात आपोआप तयार झालेली दारू असतेच, लेबलवर छापलेलं असतं. मी म्हटलं, "थोडं जास्त कडक. पण जात तीच."

त्या उठल्या, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढली, तिचं मापाचं झाकण पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "दोन झाकणं. तेवढंच पाणी. जेवण झालेलंच आहे." हे मान वळवून रस्त्याकडे पाहत बसले. मी दोन झाकणं सान्जोवेजे, दोन झाकणं पाणी, स्टीलच्या फुलपात्रात घालून दिलं. त्यांनी औषधासारखं एका दमात घेतलं, फुलपात्र पालथं घातलं.

"धायटी नाही ह्यात," त्या म्हणाल्या. "आणि गूळ कमी पडलाय. पण पाणी अकलूजचंच आहे." मग पदराने ओठ टिपले. "पुढच्या रविवारी पाणी नको घालूस."