काळी पाचचं गाणं पांढरी पाचला वाजायला लागलं तेव्हा कळलं, ४८ हजार गेले

आधीच सांगतो, यात माझा मूर्खपणा बराच आहे आणि तो लपवायचा नाहीये, कारण लपवला तर पुढच्याला उपयोग काय. जुना स्टिरिओ घ्यायच्या विचारात कोणी असेल तर वाचा.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही गोव्यातल्या गोव्यात, डिचोलीचं घर सोडून पर्वरीला फ्लॅटमध्ये आलो. दोघंच उरलोय, मुलगा पुण्याला, कौलं शाकारायला माणसं मिळत नाहीत, वगैरे वगैरे, ते जाऊ दे. जुन्या घराची वसरीच एवढी मोठी की १२ इंची वूफरवाले माझे दोन स्पीकर तिथे कोपऱ्यात गप उभे असायचे. पर्वरीचा हॉल दहा बाय चौदा. स्पीकर आत घेतले तर सोफा जिन्यात ठेवावा लागला असता. म्हणून स्पीकर, दोन माणसांनी उचलायचा अँप्लिफायर, डेक सगळं भाच्याला देऊन टाकलं, फक्त तबकड्या ठेवल्या, दीडेकशे असतील. ठरवलं की आता छोटी सिस्टीम करायची पण सत्तरच्या दशकातली. एक रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात), एक टर्नटेबल म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, आणि दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर. त्या काळच्या रिसीव्हरला फोनोचं इनपुट आतच असतं, टर्नटेबल सरळ जोडा की वाजलं, आणि लाकडी कॅबिनेट, जाड नॉब, रेडिओचा उजळणारा डायल, हे सगळं डोळ्याला पण छान वाटतं हे कबूल करायला हवं. खरं तर सगळी गडबड डोळ्यापासूनच सुरू झाली.

जाहिरात दिसली ऑनलाइन. पायोनियर एसएक्स-७८० रिसीव्हर, पायोनियरचंच पीएल-१२डी टर्नटेबल, आठ इंची स्पीकरची जोडी. फुल्ली सर्व्हिस्ड, सगळे कपॅसिटर (आतले वयाने खराब होणारे भाग) नवीन, सेटचे ६२ हजार. फोटो असे की काय सांगू, अंधारात तो डायल पेटलेला. एसएक्स-७८० म्हणजे चॅनेलला ४५ वॅट. दहा बाय चौदाच्या खोलीत १५-२० वॅट पुरून उरतात हे मी स्वतः इतरांना सांगत आलोय, पण तो डायल बघितला आणि सगळी अक्कल पर्वरीच्या उतारावरून खाली गेली.

विकणारा पस्तिशीतला, बोलायला गोड, सुरुवातीपासून अंकल अंकल. म्हणे आजोबा तारवटी होते, बोटीवर, हे सगळं १९७९ साली दुबईहून आणलं, आता पोर्तुगीज पासपोर्टवर आम्ही सगळे पोर्तुगालला चाललोय, घर रिकामं करायचंय. आता गोव्यात राहणाऱ्याला यात शंका कशी येणार? इथे दर चौथ्या घरात कोणीतरी बोटीवर नाहीतर आखातात गेलेला असतो, आणि त्या काळी येताना सगळ्यांनी जपानी डेक आणलेच होते, आमच्या आळीतच तीन होते. त्याने गोष्ट बरोबर निवडली होती. वर म्हणाला बेंगळुरूची पार्टी शनिवारी येतेय, तुम्ही गोयकार म्हणून तुम्हाला द्यायचं मन आहे, ५ हजार टाका मी होल्ड करतो. मी टाकले. न बघता. फोनवरून. आमच्या हिने विचारलं, अहो कोणाला पाठवले एवढे, तर मी म्हटलं लाइटचं बिल.

शुक्रवारी त्याने दिलेल्या पत्त्यावर आसगावला गेलो. मोठा व्हिला, बाहेर चाफा, आत एसी एवढा की अंगावर काटा आला. त्या एसीचं गणित मला नंतर कळलं, पुढे येतंच. रिसीव्हर टेबलावर मांडलेला, त्याने माझ्यासमोर चालू केला, आतला रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा स्विच, टक् करून लागला, डायल पेटला. आधी फोनवरून गाणं लावलं मग टर्नटेबलवर त्याच्याकडची एक इंग्रजी वाद्यसंगीताची तबकडी. मी ती आयुष्यात ऐकलेली नव्हती. छान वाजत होती, जरा संथ होती पण मला वाटलं असेलच तशी. माझ्या तबकड्या तर खोक्यात बांधलेल्या, त्यातली एक काढून न्यावी हे सुचलंच नाही. आवाज त्याने बारीकच ठेवला, शेजारी म्हातारे आहेत म्हणे. दहा-बारा मिनिटं झाली असतील, त्याचा फोन वाजला, अंकल मला दाबोळीला विमानतळावर जायचंय, घ्यायचं तर आत्ता घ्या. घासाघीस करून ४८ हजारांना ठरलं, पाच आधीचे धरून. पावती नाही, नंबरचा फोटो नाही, काही नाही. वर त्याने एक जड चौकोनी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर फुकट दिला. मी विचारलं हा कशाला, तर म्हणे व्होल्टेजसाठी, सेफ राहतं. आणि मी त्याला थँक्यू म्हटलं!

घरी आणून लावलं त्याच संध्याकाळी. ही तेव्हा देवापुढे बसलेली, पेटी समोर. ही गेली तीस वर्षं भजन मंडळात पेटी वाजवते, आणि आमच्याकडे अभंगांची एक तबकडी आहे जिच्याबरोबर ती डिचोलीला असताना रोज वाजवायची. ती मी मुद्दाम लावली, म्हटलं खूश होईल. गाणं सुरू झालं तसा तिने नेहमीप्रमाणे काळी पाचला हात ठेवला आणि थांबली. परत वाजवून बघितलं. मग एकेक पट्टी खाली येत येत पांढरी पाचवर आली, कान वाकडा केला आणि म्हणाली, "अहो, ही बाई आज पांढरी पाचला गातेय. त्याच्याही किंचित खाली. आणि हिला कुठे जायची घाई नाही वाटतं, ठेका बघा कसा रांगतोय."

मी म्हटलं तुझी पेटी उतरली असेल. यावर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग मी कागदाची चिठ्ठी करून प्लॅटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या थाळीच्या, कडेला चिकटवली, ही घड्याळ घेऊन बसली आणि मी फेऱ्या मोजल्या. एलपीची तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फिरायला पाहिजे. आमची फिरत होती सत्तावीस आणि पाऊण. परत मोजलं. सत्तावीस आणि पाऊण. तीस नाही, एकतीस नाही, बरोबर सहातले पाच भाग. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. टर्नटेबल उलटं केलं तर खालच्या प्लेटवर गोल स्टिकर, त्यावर सर्व्हिस्ड असं छापलेलं. नखाने खरवडला. खाली लिहिलेलं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. रिसीव्हरच्या मागे पण तसाच स्टिकर, तसाच बरोबर त्याच जागी, त्याच्या खाली पण तेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० आणि ६०. पीएल-१२डी सारख्या बेल्टवाल्या जुन्या टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते, व्होल्टेज किती यावर तिचा वेग ठरत नाही. ६० साठी बनवलेली मोटर ५० वर लावली की ती सहातले पाचच भाग फिरणार, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालणार आणि सूर तीन पट्ट्या खाली येणार. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झला तो हातही लावत नाही. ज्या टर्नटेबलला क्वार्ट्झ लॉक डायरेक्ट ड्राइव्ह असतं, टेक्निक्सचं १९७९ चं एसएल-१२०० एमके२ वगैरे, त्यांना हा त्रास नाही, त्यांचा वेग आतल्या क्रिस्टलवर ठरतो. आणि आता आजोबांची दुबई बघा. दुबईत वीज आपल्यासारखीच, २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुबईच्या दुकानात घेतलेल्या वस्तूवर नुसतं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ कशाला असेल? एवढी एक प्लेट वाचली असती तर आजोबा तिथेच खोटे पडले असते, म्हणून तर स्टिकर.

मी त्याला फोन केला. उचलला, हसला, म्हणे अंकल विंटेज आहे थोडं स्लो चालतं, रबर घट्ट झालं की ठीक होईल. त्याला हर्ट्झचं कळत होतं की नाही देव जाणे, पण स्टिकर कुठे लावायचा ते बरोबर कळत होतं.

तोवर मनाला म्हणत होतो, टर्नटेबल गेलं तर गेलं, रिसीव्हर तर आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट होती, उकाडा मरणाचा, पंख्याखाली बसून नाट्यपदं लावली, पस्तीस-चाळीस मिनिटं झाली असतील, उजव्या स्पीकरमधून आधी खरखर आणि मग टक्, रिलेने सगळाच आवाज कापला. तासाभराने गार झाल्यावर परत चालू. परत चाळीस मिनिटांनी टक्. आसगावचा तो एसी आठवला ना?

म्हापशाला एक जुना मेकॅनिक आहे, बोटावरच्या भाजल्याच्या डागांवरून कळतं किती वर्षं सोल्डरिंग केलंय ते. त्याने झाकण काढलं आणि पाचेक मिनिटं काही बोलला नाही. मग मल्टिमीटरच्या पिना स्पीकरच्या टर्मिनलला लावल्या, काही जोडलेलं नसताना. डावीकडे वीसेक मिलिव्होल्ट डीसी, हे चालतं, पन्नासच्या आत असलं की बरं. उजवीकडे नव्वदवर होता आणि सेट तापेल तसा आमच्या डोळ्यांदेखत चढत गेला, पाचशेच्या वर जाऊन टक्. हा डीसी स्पीकरमध्ये गेला की कॉइल जळते, तो रिले वाचवत होता म्हणून वाचलं. या मॉडेलला पॉवरचं काम सान्योचे एसटीके मॉड्यूल करतात, चॅनेलला एक. त्याने कापसाला थिनर लावून उजव्या मॉड्यूलवरचा नंबर पुसला आणि तो नंबर खरंच पुसला गेला, कापूस पांढरा झाला. ड्युप्लिकेट. खाली हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला) लावायची पेस्ट पण नाही, कोरडंच बसवलेलं.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते कपॅसिटरचं. मोठे दोन फिल्टर कपॅसिटर एकदम कोरे चकचकीत निळे दिसत होते, मी म्हटलं हे तरी नवीन आहेत ना. तो हसला, ब्लेडने वरचं निळं प्लॅस्टिक उभं कापलं आणि केळं सोलावं तसं सोललं. आत जुनाच डबा, जुनंच छापील, बुडाला तपकिरी चिकट डाग. नवीन कपॅसिटरच्या मापाचं श्रिंक स्लीव्ह आणून कोणीतरी हेअर ड्रायरने चढवलं होतं, म्हणजे झाकण उघडून बघणाऱ्यालाही फसवायची तयारी. इतकी मेहनत त्या माणसाने खरे कपॅसिटर घालण्यात घेतली असती तरी भागलं असतं. मेकॅनिक म्हणाला, "तुमकां फटयले मरे." म्हणजे फसवलं तुम्हाला. त्याच्या अंदाजाने हे सगळं कुठल्या तरी भंगाराच्या कंटेनरमधून आलेलं.

स्पीकरचं थोडक्यात सांगतो. कोनच्या कडेचा फोम नवीन होता पण वाकडा चिकटवलेला, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच आत दाबला की एकात कॉइल घासल्याचा आवाज येतो, कागदावर नख ओढल्यासारखा. हे दुकानात उभ्या उभ्या करता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम. मी केलं नाही कारण जाळी काढा म्हणायला संकोच वाटला. ४८ हजार देताना संकोच वाटला नाही.

आसगावला परत गेलो. व्हिलात दिल्लीचं एक कुटुंब उतरलेलं, बिचारे भले, पाणी दिलं. घर आठवड्याच्या भाड्याने जातं म्हणाले. फोन तोवर बंद. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, तिथे तक्रार केली, पण ती मी अकराव्या दिवशी केली, आणि पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत केली तरच खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. शिवाय पाच हजार तेवढे यूपीआयने गेलेले, बाकीचे मी रोख मोजून दिले होते, तेही त्याच्या सांगण्यावरून. दोन महिन्यांनी परत जाहिरात दिसली, वेगळं नाव, वेगळा रिसीव्हर, फोटोतलं टेबल तेच. या वेळी वस्तू काकांची होती आणि काका बहारीनला होते.

आता कोणी घ्यायला निघालं असेल तर माझं ऐका, स्वतःची पाठ असलेली तबकडी बगलेत मारून जा, आणि तासभर बसा, एसी बंद करायला सांगून. नाही म्हणाला तर उठा. मागची प्लेट वाचा, स्टिकर असेल तर आधी तो काढा. बाकी वॅट किती, मॉडेल कुठलं, डायल कसा, हे नंतर. छोट्या घराला छोटं मॉडेलच घ्या, वजन उचलून पारख करायची सवय मला होती ती मी सोडली.

रिसीव्हर दुरुस्त करायला १४ हजार सांगितले, अस्सल मॉड्यूल मिळाले तर. मी नको म्हटलं. त्याऐवजी बिल घेऊन एक नवा छोटा अँप्लिफायर आणला, फोनोवाला. टर्नटेबल मात्र मन मोडेना. त्याच्या मोटरवरची पितळी पुली काढून डिचोलीला एका लेथवाल्याकडे नेली, पूर्वी खाणीच्या मशिनरीची कामं करायचा, आता त्याच्याकडे वेळच वेळ. त्याला सांगितलं ही जशी आहे तशीच पण व्यास एक पूर्णांक दोन दशांश पट, दोन्ही वेगांचे टप्पे. मायक्रोमीटर लावून त्याने मापं घेतली आणि विचारलं कुठल्या पंपाची. म्हटलं गाण्याची. सहाशे रुपये घेतले. पुली बसवून चिठ्ठी मोजली, तेहतीस आणि वर थोडं. हिने पेटीवर काळी पाच दाबून धरली आणि हातानेच खूण केली, चालू दे.

एसएक्स-७८० कपाटावर आहे. डायल अजून मस्त पेटतो, नातू आला की, रात्री लाइट गेली नसेल तर, तो लावून झोपतो.