चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ (सीडीएस) या पदावरचा ऑनलाइन कोर्स: शिकवलंय छान, टेस्टमध्ये मात्र घोळ (साडेतीन स्टार)

सहा लेक्चरचा छोटा कोर्स आहे, सरकारला लष्करी सल्ला कोण देतं आणि कसा देतं यावर. मी घेतला तो एका वादापायी, घरी जेवताना विषय निघाला की सीडीएस मोठे की लष्करप्रमुख, आणि कुणालाच धड सांगता येईना.

दुसरं लेक्चर एकदम भारी. १९५५ पर्यंत आपल्याकडे दलाच्या प्रमुखाला कमांडर-इन-चीफ म्हणायचे, मग ते नाव जाऊन चीफ ऑफ स्टाफ आलं, इथपासून सर सुरुवात करतात. कारगिल युद्धानंतर त्याचा आढावा घ्यायला संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली, २००१ मध्ये मंत्रिगटाने सीडीएस नेमा म्हणून सांगितलं, आणि पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत खुर्चीत बसले १ जानेवारी २०२० ला. म्हणजे जवळजवळ १९ वर्षं नुसती चर्चा!

मुद्द्याची गोष्ट तिसऱ्यात आहे. सीडीएस हे तिन्ही दलांच्या सामायिक विषयांवर संरक्षणमंत्र्यांचे मुख्य लष्करी सल्लागार, पण तिन्ही प्रमुखांवर त्यांची कमांड चालत नाही. वर तेच लष्करी व्यवहार विभागाचे सचिव पण, म्हणजे सल्ला देणारेही तेच आणि मंत्रालयात फाइल हलवणारेही तेच, यात गोची कुठे होऊ शकते ते सरांनी मस्त उलगडलंय, मी दोनदा ऐकलं. अमेरिकेतही १९८६ च्या कायद्याने जॉइंट चीफ्सचे (म्हणजे तिथल्या दलप्रमुखांच्या समितीचे) चेअरमन राष्ट्राध्यक्षांचे मुख्य लष्करी सल्लागार झाले, पण हुकमाच्या साखळीत ते नाहीत, ही तुलना आवडली.

चौथं ठीकठाक. लष्करप्रमुख माणेकशांनी १९७१ च्या एप्रिलमध्ये इंदिराजींना "युद्ध आत्ता नको" सांगितलं तो किस्सा ढँण्‌ढँण्‌ म्युझिक लावून सांगितलाय, इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही हे मात्र गुलदस्त्यात. डिसेंबर २०२१ मध्ये रावत हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि जनरल अनिल चौहान आले सप्टेंबर २०२२ मध्ये, मधले साडेनऊ-दहा महिने एका वाक्यात उरकलेत. चीफ्स ऑफ स्टाफ कमिटीचं (तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचं) सीडीएसकडे असलेलं अध्यक्षपद तेव्हा सुरुवातीला लष्करप्रमुख नरवणेंकडे गेलं होतं, हे मला बाहेर शोधावं लागलं. खरं तर तिथेच कळलं असतं की पद रिकामं असताना काम कसं चालतं.

आता टेस्ट. "सीडीएस तिन्ही दलांना थेट लढाईचे आदेश देतात, चूक की बरोबर?" मी "चूक" टिक केलं, लाल फुली! अहो, तुमच्याच लेक्चरमध्ये सांगितलंय की नाही म्हणून! स्क्रीनशॉट काढून सपोर्टला पाठवला तर उत्तर आलं "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे", आठवडा झाला, फुली तिथेच. सर्टिफिकेटवर १० पैकी ९ आलेत आणि घरी आता तेच दाखवून मला गप्प करतात.