पास्तोर की कनास्ता?

मेक्सिको सिटीच्या नार्वार्ते भागात एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर टाकोच्या (मक्याच्या पातळ पोळीत, म्हणजे तोर्तियात, सारण घालून खायचा पदार्थ) पास्तोर आणि कनास्ता या प्रकारांतून सरळ ‘आल पास्तोर’ गाठा. उभ्या सळईवर लाल मिरची आणि आचियोते या लालसर बियांच्या वाटणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे थर, शेजारी जाळ. टाकेरो, म्हणजे टाको बनवणारा, पातळ काप थेट हातातल्या मक्याच्या तोर्तियावर उतरवतो, मग वर खोचलेल्या अननसाचा तुकडा सुरीच्या एका फटक्यात उडवून त्याच टाकोत झेलतो. हे तंत्र लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्यातून आलं. गर्दीचाच ठेला निवडा. तिथे मांस सतत उतरतं, त्यामुळे कडेला कुरकुरीत, आत रसाळ मिळतं.

‘कनास्ता’ म्हणजे टोपली. ती बहुधा सकाळी, सायकलवर येते. बटाटा, शिजवून घोटलेला घेवडा किंवा चिचारोन (डुकराची तळलेली कातडी) भरलेले टाको एकावर एक रचून गरम तेल ओततात आणि फडक्यात गुंडाळतात. आपल्याच वाफेवर ते मऊ होतात. त्लाश्काला राज्यातलं सान व्हिसेंते शिलोशोचित्ला हे गाव याच धंद्यासाठी ओळखलं जातं. चव साधी, डब्यातल्या बटाट्याच्या भाजीत मुरलेल्या पोळीसारखी, आणि मला ती फार आवडते. शाकाहाऱ्यांना हीच टोपली सोयीची, पण ‘मांतेका?’ विचाराच. घेवड्यात अनेकदा मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, असते.

तरी पहिला टाको पास्तोरच. टोपलीसाठी दुसऱ्या दिवशी लवकर उठा, दुपारपर्यंत ती बऱ्याचदा रिकामी होते.