जुनी फिरती सॉमिल: आठ महिने आणि एक साखळी

गेल्या आठवड्यात आमच्या ओंडके फाडायच्या सॉमिलचं हेड, म्हणजे पातं घेऊन वर-खाली होणारा भाग, वर घेताना साखळी तुटली. खट्कन आवाज आला, हातातलं हँडल एकदम हलकं झालं आणि मी झटकन मागे सरकलो. इंजिन, दोन्ही चाकं, पातं असं सगळं वजन आता ओंडक्यावर आदळणार असंच वाटलं. पण हेड होतं तिथेच राहिलं. डावी बाजू उजवीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर खाली, एवढाच काय तो फरक. या मिलबद्दल लिहायचं मी आठ महिने टाळत होतो, कारण माझं मत दर महिन्याला बदलत होतं. त्या दिवशी ठरवलं, आता लिहायचंच.

हेड का पडलं नाही, ते आधी सांगतो. आमच्या मिलवर हेड दोन उभ्या स्क्रूंवर तोललेलं आहे. स्क्रू एक इंच जाडीचे, इंचाला ८ आटे. हँडल उजवा स्क्रू फिरवतं आणि साखळी तेच फिरणं डाव्या स्क्रूपर्यंत नेते. आट्यांचा चढ इतका कमी आहे की वरून कितीही वजन आलं तरी स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. म्हणजे वजन साखळीवर नव्हतंच, आट्यांवर होतं. तारेवर हेड टांगलेल्या मिलमध्ये तार तुटली तर काय होईल, याचा विचार केला की या अनोळखी कारखानदाराबद्दल मनापासून आदर वाटतो.

मिल आली तेव्हा नामपट्टीवरची अक्षरं गंजाने खाल्लेली होती. माहितीपुस्तिका नव्हती, सुटे भाग बनवणारं कोणी उरलं नव्हतं. मी घाबरलो होतो, पण उघडल्यावर धीर आला. चाकांची बेअरिंग ६२०५ नंबरची निघाली: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर. हा नंबर जगात कुठेही तोच असतो. फक्त पत्र्याच्या झाकणाची न घेता दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली घ्या. पाणी आणि भुसा एकत्र आले की पत्र्याचं झाकण फार दिवस टिकत नाही. चाकांवर पात्याखाली बसणारे पट्टेही साधे बी सेक्शनचे, म्हणजे ठरलेल्या मापाचे, व्ही-बेल्ट आहेत. जुने इतके झिजले होते की पातं थेट लोखंडावर घासत होतं. ते बदलले आणि पात्याचं मागे-पुढे सरकणं त्याच दिवशी थांबलं. इंजिन, कार्ब्युरेटर, गाईड रोलर यांची नेहमीची कामं झाली, त्यात वेगळं काही नाही.

खरा त्रास साखळीचा, आणि तो मी चार महिने ओळखलाच नाही.

फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून रचत होतो. बारा फळ्यांची थप्पी झाली आणि पाहतो तर थप्पी एका बाजूला कललेली. वर पाणसळ ठेवली, बुडबुडा कडेला जाऊन बसला. जमीन तपासली, ती सपाट. मग एकेक फळी व्हर्नियरने मोजली. प्रत्येक फळी डाव्या कडेला जाड, कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे पाऊण. एका फळीत ते डोळ्याला दिसत नाही, बारा फळ्यांत लपत नाही.

आधी वाटलं, हेड तिरकं बसलंय. पण हेड कायमचंच तिरकं असेल तर प्रत्येक काप तेवढाच तिरका जातो आणि मधल्या फळ्या सारख्या जाडीच्याच निघतात. पाचर होते ती फक्त बेडवर, म्हणजे ओंडका ठेवायच्या चौकटीवर, टेकलेली शेवटची फळी. माझ्या सगळ्याच फळ्या पाचरीसारख्या होत्या. याचा अर्थ हेड दोन कापांच्या मध्ये तिरकं होत होतं.

दोन्ही स्प्रॉकेटवर, म्हणजे स्क्रूंवरच्या साखळीच्या दातेरी चाकांवर, खडूच्या खुणा केल्या आणि हेड वर-खाली करून पाहिलं. खाली येताना खुणा जुळत होत्या. वर जाताना मात्र साखळी स्प्रॉकेटवर दात सोडत होती आणि डावी बाजू मागे राहत होती.

इथे एका सुट्या भागांच्या विक्रेत्याशी माझं वाजलं. त्याने साखळी ताणून धरणारा, जास्त कडक स्प्रिंगचा टेन्शनर गळ्यात मारला, तो लावूनही दात सुटतच राहिले आणि वस्तू परत घ्यायला तो तयार होईना. पैसे गेले ते गेलेच. कारण नंतर लेथवर काम करणाऱ्या काकांनी दाखवलं. एकाच दिशेने फिरणाऱ्या साखळीत ढिली बाजू ठरलेली असते, म्हणून स्प्रिंग तिथे लावता येते. आमचं हँडल दोन्ही दिशांना फिरतं. हेड वर जाताना ज्या बाजूवर ताण येतो, नेमकी तिथेच स्प्रिंग होती. ताण आला की स्प्रिंग दबायची, सगळी ढील दुसऱ्या बाजूला जायची आणि साखळी दात सोडायची. उपाय म्हणजे स्प्रिंग काढून टाकायची आणि साखळीला दाबून ठेवणारा रोलर बोल्टने पक्का आवळायचा. जुन्या बेअरिंगचा रोलर केला, पदरचं काहीच गेलं नाही.

त्यानंतर मात्र माझं मत पालटलं. स्प्रॉकेटला १६ दात आहेत. एका फेऱ्यात हेड ३.१७५ मिलिमीटर सरकतं, म्हणजे एका दातामागे साधारण ०.२ मिलिमीटर. ज्या दात सुटण्याला मी शिव्या घालत होतो, तेच हेड समतल करायचं माप निघालं. रोलर सैल करायचा, साखळी हवे तेवढे दात पुढे न्यायची, पुन्हा आवळायचा. बेडपासून पात्याचं अंतर दोन्ही टोकांना कागदाच्या जाडीइतकं जुळतं.

आणि हँडलच्या साडेआठ फेऱ्यांचा हिशेब तर मला फारच आवडतो. पातं जाताना २ मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. २५ मिलिमीटरची फळी हवी तर हेड २७ ने खाली यायला हवं. साडेआठ फेरे म्हणजे २६.९९. हँडल वर असताना सुरुवात करा, खाली आलं की थांबा. मोजपट्टीचा काटा पहिल्या दिवसापासून तुटलेला आहे, मी तो बसवलेलाच नाही.

साखळी तुटली यात मिलचा दोष नाही, माझ्या काटकसरीचा आहे. साखळी ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड लांबत नाही, पिना आणि बुश झिजतात. अर्धा इंच पिचच्या, म्हणजे दोन पिनांत अर्धा इंच अंतर असलेल्या, साखळीचे २४ दुवे ३०४.८ मिलिमीटर भरायला हवेत, माझे ३०९ भरत होते. अजून चालेल म्हणून तीच ठेवली. तुटली ती साखळीची दोन टोकं जोडणाऱ्या क्लिपच्या जोडदुव्यापाशी. साखळी दोन्हीकडे फिरत असल्याने क्लिपचं उघडं तोंड कुठेही ठेवलं तरी एका दिशेला ते पुढेच येतं आणि क्लिप निसटू शकते. आता नवी साखळी घातली आहे, जोडदुवा रिव्हेट मारलेला. स्क्रूंवर ग्रीस लावणं बंद केलंय, भुसा चिकटून आटे घासले जातात. कोरड्या फडक्याने पुसून पातळ तेलाचा हात फिरवतो.

काल नव्या साखळीवर पहिला ओंडका फाडला. अकरा फळ्या रचल्या, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मध्ये थांबला.