बाळ गेल्यानंतर लोकांना सामोरे जाण्यासाठी : पुण्यातील एका गटाविषयी

पोटात असताना किंवा जन्मानंतर लगेच बाळ गमावलेल्या आई-वडिलांसाठी पुण्यातील एका खासगी समुपदेशन केंद्रात दर आठवड्याला एक गट भरतो, त्याविषयी हे लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण गटात येणाऱ्यांची ओळख बाहेर जाऊ नये अशी तेथील अट आहे आणि गट लहान असल्यामुळे नावावरून माणसे ओळखू येतील. आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली, त्यानंतर मी आणि माझी पत्नी तेथे जाऊ लागलो.

दुःख कमी करून देण्याचे कोणतेही आश्वासन हा गट देत नाही. त्याचा भर लोकांवर आहे : भेटायला येणारे नातेवाईक, सोसायटीतील शेजारी, कार्यालयातील सहकारी, आणि काहीच माहीत नसल्याने जिन्यात सहज ‘बाळ कसं आहे?’ असे विचारणारी कामवाली मावशी. बाळ गेलेल्या घरात या प्रश्नांचा मारा किती असतो हे ज्याच्यावर वेळ आलेली नाही त्याला समजणे कठीण आहे. ‘अजून वय आहे तुमचं, दुसरं होईल’, ‘जीव लागण्याआधी गेलं ते बरंच झालं’, ‘ग्रहणात काही चिरलं होतं का?’, ‘डोहाळजेवण एवढं मोठं करायला नको होतं, नजर लागते’. यांतले एकही वाक्य वाईट हेतूने बोललेले नसते. पण पहिल्या दोन वाक्यांनी बाळ होते हेच पुसले जाते आणि पुढच्या दोहोंनी त्याचा दोष आईच्या पदरात पडतो.

गट चालवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत एक व्यवहारी काम सांगितले. घरातल्या एकाच माणसाने सर्वांना लेखी निरोप पाठवायचा, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहायच्या : बाळ गेले आहे, भेटायला येण्यापूर्वी फोन करावा, आणि कारण विचारू नये. आमच्याकडे हे काम माझ्या धाकट्या बहिणीने केले. निरोप वाचूनही एक मावशी न विचारता आल्याच, परंतु त्यांनी कारण विचारले नाही, आणि पत्नीला तो दिवस सोसता आला.

दोष देणाऱ्या प्रश्नांसाठी बाई धीराच्या शब्दांपेक्षा माहिती हाती देतात. सर्व तपासण्या करूनही अनेक मृतजन्मांचे कारण सापडत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने बाळ दगावत नाही. आणि हे ‘आपल्याच घरात’ घडलेले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात गरोदरपणाचे 28 आठवडे पूर्ण झाल्यानंतरचे सुमारे 19 लाख मृतजन्म जगात झाले आणि त्यांतले सर्वाधिक भारतात. हा आकडा मी माझ्या आईला वाचून दाखवला, तेव्हा घराण्याच्या दोषाचा तिने धरलेला विषय थांबला. गटातील निवृत्त परिचारिका आणखी एक गोष्ट उघडपणे बोलतात, जी आम्हाला आधी कोणीही सांगितली नव्हती : बाळ नसले तरी आईला दूध येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते. त्या दिवसांत आईची खोली बंद ठेवण्याचा हक्क तिला आहे, हे त्यांनी सासू-सासऱ्यांच्या देखत सांगावे, अशी विनंती एका मुलीने केली आणि त्यांनी ती मानली.

‘मुलं किती?’ या प्रश्नावर एक पूर्ण बैठक झाली, आणि माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील ती सर्वांत चांगली बैठक होती. रिक्षात किंवा लग्नात भेटलेल्या अनोळखी माणसाला ‘नाही’ म्हटले तर बाळाला नाकारल्यासारखे वाटते, आणि ‘एक मुलगी होती, ती गेली’ म्हटले तर समोरचा गोंधळतो व त्यालाच सावरावे लागते. बाईंनी आम्हाला दोन्ही उत्तरे मोठ्याने, एकमेकांकडे पाहून, पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. कोणाला काय सांगायचे हे ठरवणे आई-वडिलांच्या हाती आहे आणि ‘नाही’ म्हटल्याने मुलीवरचे प्रेम कमी होत नाही, हे त्यांनी ज्या ठामपणे सांगितले त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. वडिलांना लोक फक्त ‘ती कशी आहे?’ एवढेच विचारतात, आणि ‘तू खंबीर राहा’ असे बजावतात. या गटात मला माझ्याविषयी विचारले गेले.

कार्यालयातल्या प्रतिक्रियांवर मात्र वेळ अपुरा दिला जातो. ‘बाळ नाही, मग रजा कशाला?’ हे ऐकलेली केंद्र सरकारी सेवेतील एक बाई गटात होती. बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लवकरच दगावल्यास केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना 60 दिवसांची विशेष प्रसूती रजा देण्याचा आदेश 2 सप्टेंबर 2022 रोजी निघालेला आहे. त्याला काही अटी आहेत, तरी ही माहिती तिला समुपदेशन केंद्राकडून मिळायला हवी होती, ती दुसऱ्या सदस्याकडून मिळाली.

आणखी दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. चर्चा मराठीत होते, पण घरच्यांना देण्यासाठीची पत्रके इंग्रजीत आहेत, त्यामुळे ज्या आजी-आजोबांपर्यंत ती पोहोचली पाहिजेत त्यांच्या ती उपयोगाची नाहीत. शिवाय तिसऱ्या महिन्यात गर्भपात झालेल्या आणि पूर्ण दिवसांचे बाळ गेलेल्या स्त्रिया एकाच गटात बसतात. एकदा ‘तुमचं तर लवकरच गेलं’ असे वाक्य गटातच उच्चारले गेले आणि ते थांबवायला बाईंना उशीर झाला. पुढच्या भेटीत त्यांनी तो विषय स्वतः काढला, तरी ती मुलगी परत आली नाही.

जागेची निवड उत्तम आहे. केंद्र प्रसूतिगृहापासून दूर आहे, भिंतीवर बाळांची चित्रे नाहीत आणि प्रतीक्षागृहात गरोदर स्त्रिया भेटत नाहीत. शुल्क मध्यमवर्गीय घराला परवडेल असे आहे, परंतु गावाकडच्या जोडप्यांसाठी दूरस्थ बैठकीची सोय नाही. त्यांनी निदान 14416 या ‘टेली मानस’ क्रमांकावर बोलावे. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्यासाठीची निःशुल्क सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते.

नाव नोंदवताना आईने स्वतः यावे असा केंद्राचा आग्रह नाही. तिला घराबाहेर पडायला वेळ लागणार, आणि निरोप तर पहिल्याच आठवड्यात जायला हवा, म्हणून वडिलांनी किंवा भावंडांपैकी कोणी आधी एकट्याने जाऊन बाईंना भेटावे.