टेन्शनरची ताठ स्प्रिंग: बूस्ट टिकला, पिन मात्र बसेना

सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा, बेल्टवर फिरणारा पंप) जोरात फिरावा म्हणून त्यावर छोटी पुली चढवली आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगवरचा हात) मूळचाच ठेवला, असे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझीही जोडणी तीच: १५ टक्के छोटी पुली आणि तिला साजेसा आखूड, सहा धारांचा बेल्ट. एकदा चढ्या रेव्हवर (इंजिन जोरात फिरत असताना) गिअर बदलताना बेल्ट उडाला, बॅटरीचा दिवा लागला आणि गाडी टो करून आणावी लागली. त्यानंतर टेन्शनरमध्ये ताठ स्प्रिंग घातली. तिच्यावर आता बरेच महिने गाडी चालवून झाली आहे, थंडीही पाहिली आणि उन्हाळाही. स्प्रिंग कामाची आहे. पण बनवणाऱ्याने तिचा अर्धाच विचार केलाय, आणि उरलेल्या अर्ध्याचा मला अजून राग येतो.

आधी थोडं गणित, कारण ते न करता स्प्रिंग मागवली तर पैसे वाया जायची शक्यता जास्त. पुलीची त्रिज्या १५ टक्के घटली की तेवढ्याच टॉर्कसाठी बेल्टला साधारण १८ टक्के जास्त ओढावं लागतं. त्यात टॉर्कही तेवढाच राहत नाही. रूट्स पद्धतीच्या ब्लोअरला, म्हणजे दोन रोटरच्या सुपरचार्जरला, फिरवायचा टॉर्क ढोबळमानाने बूस्टच्या (कोंबलेल्या हवेच्या जादा दाबाच्या) प्रमाणात वाढतो. समजा बूस्ट ०.७ बारवरून ०.९ बारवर गेला, तर दोन्ही मिळून बेल्टवरची ओढ जवळपास दीडपट होते. शिवाय छोट्या पुलीला बेल्टचा विळखाही कमी. टेन्शनर राखतो तो ढिल्या बाजूचा ताण, आणि तो पूर्वीइतकाच राहिला तर कुठेतरी बेल्ट घसरणारच.

माझ्या गाडीत तो घसरतच होता. बूस्टचा काटा मधल्या रेव्हला छान चढायचा आणि रेडलाइनजवळ, म्हणजे रेव्हच्या वरच्या मर्यादेपाशी, खाली यायचा. असं एअर फिल्टर चोंदल्याने होतं, कोंबलेली हवा परत वळवणारा बायपास व्हॉल्व्ह नीट बंद न झाल्यानेही होतं, म्हणून दोन्ही आधी तपासून घेतले. खरी साक्ष ब्लोअरच्या पुलीने दिली. तिच्या खाचा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि आजूबाजूला रबराची काळी भुकटी बसली होती. चालू बेल्टवर पाण्याचा फवारा मारून पाहण्याची जुनी युक्तीही करून बघा. बेल्टचा किंचाळल्यासारखा आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला तर ताण कमी आहे. माझा वाढला.

नव्या स्प्रिंगने पहिल्याच दिवशी फरक दाखवला. काटा वरपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. पुलीवर भुकटी दिसेना. पहिले काही आठवडे ज्याने विचारलं त्याला मी डोळे झाकून घ्या म्हणत होतो. इंजिन उघडायचं नाही, संगणकाला हात लावायचा नाही, एक तार वळवलेला तुकडा बदलायचा, आणि जी ताकद पुली घेताना विकत घेतली होती ती आता कुठे हातात येते. तो आनंद खरा होता, आजही आहे.

मग बेल्ट तपासायला काढायची वेळ आली आणि पिनचं प्रकरण समोर आलं.

या प्रकारच्या टेन्शनरला कुलूप-पिनचं एक भोक असतं. हत्याराने टेन्शनरचा हात मागे दाबायचा, भोकं जुळली की पिन सरकवायची, मग आपले दोन्ही हात मोकळे आणि बेल्ट निवांत काढता-घालता येतो. नव्या स्प्रिंगवर भोकं जुळतच नाहीत. वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून लांब दांडा घेतला. टेन्शनरचा हात तेवढाच गेला आणि टक्कन थांबला. स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसले होते. आणखी दाबायला जागाच नव्हती.

कारण साधं आहे. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तार १० टक्के जाड केली की ताठरपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. बनवणाऱ्याला हा सोपा रस्ता. पण वेढे तितकेच ठेवले तर पूर्ण दाबल्यावरची लांबीही १० टक्क्यांनी वाढते, आणि नेमके तेवढेच काही मिलिमीटर पिनसाठी कमी पडतात. हे कुठल्याही स्प्रिंगवाल्याला कागदावर कळतं. एकदा टेन्शनरमध्ये बसवून पिन घालून पाहिली असती तरी कळलं असतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की रोजच्या चालवण्यात पिन लागत नाही. मग पिन लागते तरी कधी? रस्त्याकडेला, अंधारात, एकट्याने बेल्ट चढवायचा असतो तेव्हाच ना! मुद्दा सोयीपुरताही नाही. दाबलेल्या स्प्रिंगचा टेन्शनर एका हातातल्या हत्यारावर तोलून धरून दुसऱ्या हाताने बेल्ट पुलीत बसवणं हे बोटं गमावायचं काम आहे. मी आता लांब बोल्ट आणि दोन पट्ट्यांचा एक अडकवा करून घेतलाय. तो टेन्शनरच्या हाताला मागे धरून ठेवतो, काम होतं. पण विकत घेतलेल्या वस्तूसाठी हे आपण का करायचं? ही स्प्रिंग घेणार असाल तर आधी एकच विचारा: पिन बसते का? उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

दुसरा प्रश्न मी विचारला होता, त्याचंही उत्तर अजून नाही. जाहिरातीत फक्त मूळपेक्षा इतके टक्के ताठ एवढंच लिहिलंय. मला हवा होता कामाच्या लांबीवरचा जोर. बेल्ट वापराने जरा लांबतो, धारा झिजून खाचांत खोल बसतो, हात पुढे सरकतो आणि स्प्रिंग सैल होत जाते. जितकी जास्त ताठ, तितका तिचा जोर त्या सरकण्यात झपाट्याने उतरतो. म्हणून चांगली स्प्रिंग म्हणजे आधीपासून जास्त दाबलेली पण बेताच्या ताठरपणाची. टक्केवारीवरून यातलं काहीच समजत नाही.

नंतर आयडलिंगला टेन्शनरचा हात थरथरायला लागला, सोबत बारीक टकटक. पहिला संशय अर्थातच स्प्रिंगवर गेला. टेन्शनर उतरवला तेव्हा स्प्रिंग ठीक होती. तिच्या शेजारचा डॅम्पर (हाताची उसळी जिरवणारी तेलाची नळी) तेलाने ओला झाला होता आणि हाताने दाबला तर विरोधच करत नव्हता.

इथे माझं मत बदललं. बेल्ट का उडतो ते नीट पाहा. चढ्या रेव्हवर गिअर बदलला की क्रँक (बेल्टला फिरवणारा इंजिनचा मुख्य दांडा) एकदम मंदावतो, पण ब्लोअरचे रोटर आपल्या जडत्वाने फिरत राहतात. क्षणभर ब्लोअरच बेल्टला ओढतो. ढिली बाजू घट्ट होते, घट्ट बाजू ढिली पडते, आणि टेन्शनरचा हात मागे फेकला जातो. तो फेकला जाऊ नये, परत येताना उसळू नये, हे डॅम्परचं काम. स्प्रिंग कितीही जाड असली तरी ती ऊर्जा साठवून परतच देते, जिरवत नाही.

नवा डॅम्पर घातला आणि मुद्दाम मूळ स्प्रिंग परत लावून पाहिली. गिअर बदलताना हात शांत राहिला, बेल्ट जागचा हलला नाही. रेडलाइनजवळचा बूस्ट मात्र पुन्हा उतरला, विशेषतः गरम इंजिनवर. म्हणजे बेल्ट उडण्यावर इलाज डॅम्पर, घसरण्यावर इलाज स्प्रिंग. ज्यांचा बेल्ट फक्त उडतोय त्यांनी आधी डॅम्परचे पैसे खर्चावेत, स्प्रिंगचे वाचतील. आणि क्रँक पुलीच्या रबराच्या कड्यावर खडूची आडवी रेघ मारून ठेवा. काही दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर बाहेरचं कडं सरकलंय, तिथे कुठलीच स्प्रिंग उपयोगाची नाही. आर५३ पिढीच्या मिनी कूपर एसवाल्यांनी तर बेल्ट उडताच इंजिन बंद करायचं, कारण तिथे इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्या मागच्या टोकावरून फिरतो.

ताठ स्प्रिंगची किंमत बेअरिंगं मोजतात. माझ्या आयडलरचं (बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या मोकळ्या पुलीचं) बेअरिंग अलीकडे घुरघुरायला लागलंय. बेल्ट काढून हाताने फिरवलं की खरखर जाणवते. ते जुनंच होतं, त्यामुळे सगळा दोष स्प्रिंगला देत नाही, पण वाढलेला ताण अल्टरनेटरच्या आणि ब्लोअरच्या नाकातल्या बेअरिंगांवरही सतत आहे. बेल्ट काढला की प्रत्येक पुली फिरवून पाहतो. बेल्टवर भेगा शोधत बसू नका. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत, धारा झिजतात, आणि ते मापपट्टीनेच कळतं.

सध्या गाडीत नवा डॅम्पर आणि ताठ स्प्रिंग, दोन्ही आहेत. आयडलर मागवलाय. विक्रेत्याला कमी वेढ्यांची, पिन बसेल अशी स्प्रिंग द्या म्हणून पुन्हा लिहिलंय. आली तर आधी पिन घालून बघेन आणि इथेच कळवेन.